ताप उतरला, औषध अजून बाकी आहे

प्रश्न : डॉक्टर, आम्ही कुडाळ तालुक्यातले. माझे यजमान ५४ वर्षांचे. घरची भातशेती आणि थोडे काजू. त्यांना ११ वर्षांपासून मधुमेह आहे, बीपीचीही गोळी चालू आहे. यंदा लावणी आटोपली आणि ऑगस्टमध्ये त्यांना ताप यायला लागला. आधी लेप्टोचा संशय होता, तो निघाला नाही. मग खोकला सुरू झाला, वजन उतरत गेलं. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग दिसला. थुंकीत टीबी सापडला नाही, तरी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिने घेतल्या, ताप हटेना. ऑक्टोबरात लघवी अडली, हुडहुडी भरून ताप चढला, तेव्हा गोव्याला नेलं. तिथे रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातला जंतू वाढवून बघतात ती तपासणी) मेलिऑइडोसिस निघालं. प्रोस्टेटमध्ये (लघवीच्या पिशवीखालच्या ग्रंथीत) गळू होतं, त्यातला पू काढला. चार आठवडे इंजेक्शनं झाली. टीबीची औषधं तिथल्या डॉक्टरांनी बंद केली आणि घरी सोडताना सेप्ट्रान डीएस सकाळी दीड आणि रात्री दीड अशी तीन महिने घ्यायला सांगितली.

आता पाच आठवडे झाले. ताप नाही, जेवण जातं, वजन ५८ किलोवर आलंय. पण गोळीने मळमळतं. हे म्हणतात, मी बरा झालो, एवढ्या सल्फाच्या गोळ्यांनी किडनी जाईल. मेडिकलवालाही म्हणाला की ही गोळी एकेक दोनदा, तीही पाच दिवस, एवढी कोणी घेत नाही. जानेवारीत वायंगणाची (उन्हाळी भाताची) लावणी आहे, त्यासाठी ते हट्ट धरून बसलेत. सासूबाईंनी त्यांचं ताट-पेला वेगळा केलाय. आणि मलाही दोन वर्षांपासून शुगर आहे. मी चिखलात उतरू की नको? गोळ्या थांबवल्या तर चालेल का?

उत्तर : ताई, गोळ्या थांबवायच्या नाहीत. आपल्या मनाने कमीही करायच्या नाहीत. मळमळीवर इलाज आहे, किडनीवर लक्ष ठेवता येतं, जानेवारीची लावणी गड्यांकडून करून घेता येते. हा आजार उलटला तर मात्र पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा कित्येक आठवड्यांची इंजेक्शनं, आणि दुसऱ्या खेपेला यजमान इतक्या सुखरूप घरी येतील याची हमी कोणीच देऊ शकणार नाही. एवढी वर्षं संसर्गजन्य आजारांचे रुग्ण पाहिल्यावर मी हे अगदी खात्रीने लिहिते आहे. हा परिच्छेद यजमानांना वाचून दाखवा. बाकीचं तुम्ही दोघं सावकाश वाचा.

त्यांना झालेल्या आजाराच्या जंतूचं नाव बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय. तो मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. भाताच्या खाचरांत तर त्याला हवं ते सगळं मिळतं. जगायला त्याला माणसाची गरज नाही. पायाच्या भेगेतून, हाताच्या खरचटल्यातून तो शरीरात शिरतो. वादळी पावसात पाण्याच्या बारीक तुषारांबरोबर श्वासातून जातो, कधी न उकळलेल्या पाण्यातून पोटात जातो. तुमच्याच वाडीत त्याच चिखलात उभं राहून लावणी केलेल्या बहुतेकांना त्याने काहीही केलं नसेल, कारण धडधाकट शरीर त्याला आत शिरल्या शिरल्या मारून टाकतं. ज्यांची प्रतिकारशक्ती उणी पडते त्यांच्यात तो मुळं धरतो. वैद्यकात अशा जंतूंना संधिसाधू म्हणतात.

प्रतिकारशक्ती कमी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एचआयव्ही किंवा कॅन्सर येतो. या आजारात एचआयव्हीचा हात फारसा दिसलेला नाही. इथला सगळ्यात मोठा धोका मधुमेह. मेलिऑइडोसिसच्या रुग्णांत निम्म्याहून अधिक लोक मधुमेही असतात. साखर दीर्घकाळ चढी राहिली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात, जंतूपर्यंत पोचायला त्यांना उशीर होतो आणि पोचल्या तरी त्याला गिळून मारण्याची त्यांची ताकद घटलेली असते. मधुमेहानंतर नंबर लागतो तो भरपूर दारू पिणाऱ्यांचा, किडनीच्या आणि फुप्फुसाच्या जुन्या रुग्णांचा, महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेणाऱ्यांचा, थॅलेसेमियाच्या रुग्णांचा. "माझी प्रतिकारशक्ती चांगली आहे, मला फक्त शुगर आहे" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता मी आधी तेच दुरुस्त करते. ११ वर्षांची शुगर हे प्रतिकारशक्तीचं दुखणंच असतं.

आता टीबीबद्दल. तुमच्या पत्रात त्या दोन महिन्यांची चीड दिसते आणि ती समजण्यासारखी आहे. पण हा घोळ जुना आहे. १९११ साली रंगूनमध्ये आल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी या दोन डॉक्टरांनी हा आजार पहिल्यांदा ओळखला, तोही शवविच्छेदन करताना. घोड्यांना होणाऱ्या ग्लँडर्स नावाच्या रोगासारखा त्यांना तो वाटला. (पुढे याला 'व्हिटमोरचा आजार' असंही नाव मिळालं आणि कृष्णस्वामींचं नाव मागे पडलं, याचं मला वाईट वाटतं.) तेव्हापासून आजतागायत हा आजार दुसऱ्याच कशासारखा तरी दिसत आलाय. फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग, खोकला, बारीक ताप, उतरत जाणारं वजन, हे सगळं टीबीतही होतं, आणि आपल्याकडे टीबी इतका आहे की डॉक्टरांचं मन आधी तिकडेच जातं. तुमच्या सिंधुदुर्गात तर पावसाळ्यात लेप्टो आहे, दोडामार्ग-बांदा भागात थंडीनंतर माकडताप आहे. तापाच्या एवढ्या गर्दीत हा आणखी एक कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रयोगशाळेतही तो निसटतो. कल्चरमध्ये वाढायला त्याला दोन ते पाच दिवस लागतात. वाढला तरी नवख्या नजरेला तो स्यूडोमोनास नावाच्या दुसऱ्या जंतूसारखा दिसतो, किंवा बाहेरून पडलेली घाण समजून टाकून दिला जातो. कल्चर एकदा केलं आणि काही आलं नाही म्हणजे आजार नाही असंही धरता येत नाही, कारण एका तपासणीत जेमतेम साठ टक्के रुग्ण सापडतात. म्हणून रक्त, लघवी, थुंकी, घशाचा स्वॅब, गळवातला पू असे सगळे नमुने पाठवावे लागतात. गोव्याच्या डॉक्टरांनी रक्ताचं कल्चर केलं, प्रोस्टेट बघितली, जंतू नीट ओळखला, म्हणून तुमचे यजमान आज तुमच्याशी हट्ट करायला घरी आहेत.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा अंदाज मांडला होता की जगात दरवर्षी सुमारे १,६५,००० लोकांना हा आजार होतो, त्यातले ८९,००० दगावतात, आणि यातला ४४ टक्के भार एकट्या दक्षिण आशियावर आहे. कर्नाटकच्या किनारपट्टीवर, उडुपी-मणिपाल भागात डॉक्टर तो शोधतात म्हणून तिथे सापडतो. तीच माती, तोच पाऊस, तीच भातशेती वर कोकणातही आहे. माझं ठाम मत आहे की किनारपट्टीच्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात रक्ताचं कल्चर बाराही महिने होत असलं पाहिजे. आणि शुगर असलेल्या माणसाचा पावसाळ्यातला ताप आठवडाभरात उतरला नाही, थुंकीत टीबी मिळाला नाही, तर टीबीच्या गोळ्या सुरू करण्याआधी ते कल्चर पाठवलं गेलं पाहिजे. घरच्यांनीही ते मागावं. मागितल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही.

टीबीची औषधं गोव्याला बंद केली ते बरोबरच दिसतं. फक्त एक करा. गोव्याचं डिस्चार्ज कार्ड घेऊन तुमच्या आरोग्य केंद्रात जा आणि टीबीच्या नोंदीत तसा बदल करून घ्या. नाहीतर कोणीतरी घरी येऊन "औषध अर्धवट का सोडलं" म्हणून त्यांना पुन्हा त्याच गोळ्या सुरू करेल.

या आजाराचा इलाज दोन टप्प्यांत असतो, आणि यजमानांचा सगळा गैरसमज या दुसऱ्या टप्प्याबद्दल आहे. पहिला टप्पा इंजेक्शनचा. सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम शिरेतून, कमीत कमी दोन आठवडे. प्रोस्टेट, यकृत, प्लीहा अशा खोल जागी गळू असेल तर चार आठवडे, हाडात किंवा मेंदूत असेल तर त्याहून जास्त. नेहमीची बरीच प्रतिजैविकं इथे चालत नाहीत. पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन, जेंटामायसिन यांना हा जंतू जन्मतःच दाद देत नाही. अतिदक्षता विभागात शेवटचं हत्यार म्हणून काढतात ते कोलिस्टिनसुद्धा याच्यापुढे निकामी. आपल्याकडे तापाला सर्रास देतात ते सेफ्ट्रिॲक्सोनही इथे तोकडं पडतं. १९८९ मध्ये थायलंडमधल्या उबोन राचाथानीच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की गंभीर रुग्णांना जुन्या औषधांऐवजी सेफ्टाझिडीम दिलं तर मृत्यूचं प्रमाण ७४ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर येतं. जी दगावली असती त्यातली निम्मी माणसं वाचली ती फक्त औषध बदलल्याने. इंजेक्शन सुरू केल्यावरही ताप उतरायला सरासरी नऊएक दिवस लागतात. तुम्हाला ते दिवस कसे गेले असतील याची मला कल्पना आहे.

पण इंजेक्शनने जीव वाचतो, जंतू संपत नाही. तो आपल्याच पेशींच्या आत शिरून बसतो, अगदी ज्या पेशी त्याला मारायला आल्या त्यांच्याही आत. जुन्या गळवाच्या भिंतीत दडून राहतो. तुमच्या शेतातला लव्हाळा आठवा. वरची पात कापली की वाफा स्वच्छ दिसतो, गड्डा मात्र जमिनीत शाबूत असतो. यजमानांना बरं वाटतंय ते पात कापली गेली म्हणून. गड्ड्यापर्यंत पोचायला तीन महिने गोळ्या लागतात, आणि हाडाचा किंवा मेंदूचा आजार असेल तर सहा महिने. आजार उलटतो तो बहुधा वर्षभराच्या आत. तो का उलटतो याचा शोध घेतला तेव्हा सगळ्यात ठळक कारण एकच पुढे आलं: गोळ्या मध्येच सोडणं किंवा नीट न घेणं. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत राहिलेल्या एका सैनिकाच्या शरीरात हा आजार ६२ वर्षांनी उफाळल्याची नोंद आहे. इतकं क्वचितच होतं, पण या जंतूचा चिवटपणा यजमानांना कळावा म्हणून सांगितलं.

मेडिकलवाल्यांचं म्हणणं त्यांच्या परीने खोटं नाही. लघवीच्या साध्या संसर्गाला ही गोळी एकेक दोनदा, काही दिवसच देतात. मेलिऑइडोसिसला डोस वजनावर ठरतो आणि तो जास्त असतो. ४० ते ६० किलो वजनाला, किडनी ठीक असेल तर, डीएसच्या दीड-दीड गोळ्या दोन वेळा. ६० किलोच्या वर दोन-दोन. तुमच्या यजमानांचं वजन ५८, म्हणजे गोव्याच्या डॉक्टरांनी लिहिलेला डोस अगदी काटेकोर आहे. वजन आणखी वाढून ६० च्या पुढे गेलं तर पुढच्या भेटीत आवर्जून सांगा, डोस बदलावा लागेल. पूर्वी या गोळीबरोबर डॉक्सीसायक्लिनही देत असत. थायलंडमधल्या मोठ्या चाचणीनंतर, २०१४ पासून, एकट्या को-ट्रायमॉक्सॅझोलवर, म्हणजे याच सेप्ट्रानवर, भागतं हे कळलं. म्हणजे पूर्वीच्या रुग्णांपेक्षा यांच्या पदरी कमीच गोळ्या आल्या आहेत. आणि ही गोळी स्वस्त आहे, ही गरिबाघरी फार मोठी गोष्ट आहे.

मळमळीसाठी : गोळी भरल्या पोटी द्यायची, पेजेवर नको, पुरतं जेवण झाल्यावर. दिवसभरात पाणी भरपूर प्यायला द्या, लघवी साफ होत राहील एवढं. तरीही उलटी होत असेल तर डॉक्टरांना फोन करा, गोळीच्या अर्धा तास आधी घ्यायचं उलटीचं औषध ते देतील. अर्ध्या तासाच्या आत गोळी उलटून पडली तर ती पुन्हा द्यायची का, हेही त्यांनाच विचारून ठेवा. अगदीच सोसत नसेल तर दुसरी औषधं आहेत, डॉक्सीसायक्लिन किंवा ॲमॉक्सिक्लॅव्ह, पण ती दुय्यम आहेत, त्यांच्यावर आजार उलटण्याचं प्रमाण जास्त. ते डॉक्टर ठरवतील. घरच्या घरी दीडची एक करायची नाही. अर्ध्या डोसने जंतू मरत नाही आणि औषधाला सरावतो.

किडनीची भीती मी उडवून लावणार नाही, कारण ती अगदीच निराधार नाही. या गोळीवर असलेल्या माणसाचं रक्त तपासत राहावं लागतं : हिमोग्राम, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं), पोटॅशियम. सुरुवातीचे काही आठवडे दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी. पत्रात तपासण्यांचा उल्लेख नाही. झाल्या नसतील तर उद्याच करून घ्या, कुडाळात होतील. क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसलं तर घाबरू नका. ही गोळी क्रिएटिनिनचा लघवीवाटे निचरा थोडा अडवते, त्यामुळे किडनी धड असतानाही आकडा जरा वर जातो. किती वाढलं तर चालेल हे डॉक्टर बघतील. फॉलिक ॲसिडची गोळी दिली असेल तर तीही चालू ठेवा, ती रक्तपेशींसाठी आहे.

आता जे सांगते त्याकडे नीट लक्ष द्या, कारण हे बऱ्याचदा कोणी सांगत नाही. त्यांची बीपीची गोळी कोणती आहे ते पाहा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांपैकी असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन असेल, तर तिच्यात आणि सेप्ट्रानमध्ये मिळून रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि आधी काही जाणवतही नाही. म्हणून पोटॅशियमची तपासणी चुकवायची नाही. आजारी माणसाला ताकद यावी म्हणून आपण शहाळ्यामागून शहाळी पाजतो, पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. रिपोर्ट येईपर्यंत शहाळं बंद. बीपीवाल्यांसाठी म्हणून मिळणारं कमी सोडियमचं मीठही नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं.

दुसरी जोडी शुगरच्या गोळीची. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड चालू असेल तर सेप्ट्रानमुळे तिचा जोर वाढतो आणि साखर एकदम खाली येऊ शकते. शिवाय आजार उतरल्यावर साखर आपोआपही कमी होते. दरदरून घाम, हात थरथरणं, बोलण्यात गोंधळ असं दिसलं तर लगेच साखरपाणी द्या आणि ग्लुकोमीटरवर मोजा. ही "गोळीची उष्णता" समजून झोपू देऊ नका. सध्या दिवसातून दोनदा तरी साखर मोजून वहीत लिहा आणि ती वही शुगरच्या डॉक्टरांना दाखवा. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, सातच्या आसपास आणणं हेही या इलाजाचंच अंग आहे. प्रतिजैविक अर्धं काम करतं, उरलेलं त्यांच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींना करायचंय, आणि चढ्या साखरेत त्या ते करू शकत नाहीत.

गोळी ताबडतोब थांबवून थेट हॉस्पिटलात जायचे प्रसंगही सांगून ठेवते. अंगावर लाल चट्टे उठून फोड येणं, तोंड सोलवटणं, डोळे लाल होणं, डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी होणं, हिरड्यांतून रक्त, लघवी एकदम कमी होणं. सल्फाची ॲलर्जी कमी जणांना होते, पण झाली तर वाट पाहायची नसते. आणि ताप परत आला, नुसता बारीक आला तरी, पॅरासिटामॉल देऊन दोन दिवस काढू नका. त्याच दिवशी दाखवा.

सासूबाईंना सांगा, ताट-पेला पुन्हा एकत्र करायला हरकत नाही. हा आजार माणसाकडून माणसाला होणं जगभरात इतकं दुर्मीळ आहे की त्यासाठी घरात काहीही वेगळं करावं लागत नाही. त्यांच्या शेजारी जेवा, नातवंडांना मांडीवर घेऊ द्या. टीबीची औषधं चालू होती तेव्हाची सवय सासूबाईंच्या हातात राहिली असेल, त्यांनाही दोष नको. पण चार महिने आजाराने खचलेल्या माणसाला स्वतःच्या घरात वेगळा पेला मिळणं फार लागतं. गोळ्या सोडायची घाई त्यातूनही येत असेल, असं मला तुमचं पत्र वाचताना वाटलं. बरा झालोय हे त्यांना सगळ्यांना दाखवायचंय.

वायंगणाच्या लावणीत त्यांनी यंदा उतरायचं नाही. गोळ्या फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आहेत, चिखल तोच आहे, आणि जुना जंतू मेला तरी मातीतून नवा शिरू शकतो. एकदा झाला म्हणजे पुन्हा होत नाही असं या आजाराचं नाही, आणि त्याची लसही नाही. घरात बसवून ठेवलंत तर ते ऐकणार नाहीत, हे मला कळतं. बांधावर उभं राहून गड्यांना सांगणं, पाण्याच्या पाळ्या बघणं, काजूच्या बागेत बूट घालून फिरणं यातलं त्यांना जे जमेल ते करू द्या. पुढच्या पावसाळ्याचं तेव्हाच्या साखरेवर आणि तपासण्यांवर ठरवा.

तुमचं स्वतःचं. शुगर आहे म्हणजे धोका तुम्हालाही आहे, पण शेती सोडा असं मी सांगणार नाही. सांगून ते होणारही नाही. गमबूट आणि हातमोजे हा पुस्तकातला सल्ला. लावणीच्या चिखलात गमबूट रुततो आणि पाय बाहेर येतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून निदान एवढं पाळा : शेतात जाण्याआधी तळपाय आणि बोटांच्या बेचक्या उजेडात नीट पाहायच्या. भेग, चिखल्या, खरचटलेलं काहीही असेल तर ते भरेपर्यंत चिखलात जायचं नाही. त्या दिवशी दुसऱ्या कोणाशी काम बदलून बांधावरची कामं घ्या, तीही कोरड्यात बसून करता येतील अशीच. हातांना रबरी मोजे घालता येतात, ते घाला. बांधावर, गोठ्यात, बागेत गमबूट चालतो, तिथे अनवाणी नको. घरी आल्या आल्या साबणाने आणि स्वच्छ पाण्याने हातपाय धुऊन कोरडे करायचे. विजांच्या, सोसाट्याच्या पावसात शेतात थांबू नका. विहिरीचं पाणी उकळून प्या. आरोग्य सेविका लेप्टोसाठी आठवड्याची डॉक्सीसायक्लिनची गोळी देतात ती त्यांनी सांगितल्याप्रमाणे घ्या, पण तिने या आजारापासूनही राखण होते असं समजू नका. आणि शुगर फक्त दोन वर्षांची आहे, ती आत्ताच ताब्यात ठेवा. पावसाळ्यात तुम्हाला ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा की घरात मेलिऑइडोसिसचा रुग्ण झालाय. तुम्हाला त्यांच्यापासून लागण होईल म्हणून नाही, तर शेत एकच आहे म्हणून.

दोन गोष्टी पत्रात नाहीत, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. यजमान दारू घेतात का? माडी असो, फेणी असो की बाटलीतली, या आजारात मधुमेहाखालोखाल तिचाच धोका आहे, आणि शुगरच्या गोळीवर असताना रिकाम्या पोटी घेतली तर साखर कोसळते ती वेगळी. घेत असतील तर निदान गोळ्यांचे तीन महिने पूर्ण बंद. कायमची सुटली तर उत्तम. सोडताना हात कापू लागले, झोप उडाली तर डॉक्टरांना सांगा, त्यालाही औषध आहे. दुसरं, सांधेदुखी किंवा दम्यासाठी कुठून पुड्या, कागदात बांधलेल्या सुट्या गोळ्या आणत असतील तर त्या डॉक्टरांना दाखवा. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड निघतं. ते साखर वाढवतं आणि प्रतिकारशक्ती दाबतं. मात्र बरेच दिवस घेत असतील तर एकदम बंद करू नका, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावं लागतं.

गोळ्या संपतील तेव्हा, फेब्रुवारीत, गोव्याला पुन्हा दाखवायला जा. लघवीचा त्रास अजिबात उरला नसला तरी प्रोस्टेटची सोनोग्राफी करून घ्या, फुप्फुसाचा एक्स-रे जुन्या एक्स-रेशी ताडून पाहायला सांगा. त्यानंतर वर्षभर दर दोन-तीन महिन्यांनी एक फेरी ठेवा. कल्चरचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या तीन-चार झेरॉक्स काढा. एक त्यांच्या पाकिटात, एक तुमच्या पर्समध्ये, एक मुंबईला किंवा पुण्याला मुलं असतील तर त्यांच्याकडे. पुढे कधीही, कुठल्याही गावात, कोणत्याही कारणाने ताप आला तर नवीन डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिल्यांदा तो कागद पुढे करायचा. तो वाचला की ते कल्चर पाठवतील आणि साध्या सलाइन-इंजेक्शनवर दिवस घालवणार नाहीत.